एकशे चार सेंटीमीटरचा बिबट्या

आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरीने नापवाल्या काकांना फसवलं, आणि त्यासाठी माझ्या कॅमेऱ्यातली क्लिप वापरली. क्लिप मी दिली होती. फुकट दिली नव्हती, बदल्यात माझं एक काम करून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे याने आपला भाग लपवला असं नंतर कुणी म्हणायला नको.

‘नापवाले अंकल’, म्हणजे मापवाले काका, हे नाव कॉलनीतल्या लोकांनी ठेवलं होतं. मी त्यांना नुसतं काका म्हणायचो. पलीकडच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समनचं काम केलं, टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये संसार केला, आणि निवृत्त झाल्यावर कोलार रोडला आमच्या कॉलनीतलं शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर घेतलं. त्यांच्या मागे कॉलनीची भिंत, भिंतीपलीकडे झुडपं, एक खेडं, आणि खेड्यापलीकडे टेकडी. टेकडीच्या मागे जंगल आहे आणि त्या जंगलात खरोखरचे वाघ आहेत. भोपाळात हे कुणाला नवीन नाही. म्हणूनच पुढचं सगळं घडू शकलं.

काकांच्या पायजम्याच्या नाडीला पाच मीटरचा स्टीलचा टेप अडकवलेला असायचा. शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं व्हर्नियर कॅलिपर, कानावर टोकदार पेन्सिल. भाजीवाल्याकडे शेवग्याच्या शेंगा मोजून घ्यायचे, आणि शेंग आखूड निघाली की भाजीवाल्याशी भांडायचे नाहीत, फक्त लांबी मोठ्याने सांगायचे. एकदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोने पोळी वाढली. काकांनी वीत लावून पाहिली आणि म्हणाले, “साडेसात इंच. सगळ्या साडेसात. वहिनी, तुमचा हात मशीन आहे.” बायको आठवडाभर हे सगळ्यांना सांगत फिरत होती. मला मात्र त्यांनी आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी म्हणालं की काल खूप पाऊस झाला, फार मोठा साप निघाला, पोरगा लांब राहायला गेला, की ते हात वर करायचे. “विशेषण नको. माप सांग.”

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. जवाहर चौकात माझं प्लायवूडचं दुकान आहे. एकोणिसाव्या वर्षी वर्ध्याकडून आलो, लाकडाच्या डेपोत पाठीवर शीट वाहिल्या, आणि तिथून स्वतःचं दुकान उभं केलं. कुणाच्या बापाचा एक खिळा त्यात नाही. त्या दुकानात एक दिवस हे गृहस्थ आले, अठरा एमएमचा प्लाय मागितला, खिशातून कॅलिपर काढलं आणि शीटच्या कडेला लावलं.

“साडेसोळा,” ते म्हणाले.

“काका, बाजारात अठरा म्हणून हाच मिळतो.”

“मग बाजाराला बोलाव इथे. त्याचंही माप घेतो.”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “घ्यायचा तर घ्या, नाही तर चालते व्हा.” ते चालते झाले ते फक्त दुकानाच्या पायरीपर्यंत. शेजारच्या चहावाल्याचं स्टूल ओढून बसले आणि आत जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शांतपणे सांगू लागले, “साडेसोळा आहे. अठरा नाही. घ्या, चांगला आहे, पण साडेसोळा आहे.” दोन तास. मी आतून शिव्या दिल्या, त्यांनी ऐकल्या आणि चहा प्यायले. शेवटी मी बाहेर येऊन म्हणालो, “तुम्हाला काय पाहिजे जी?”

“खडू,” ते म्हणाले.

त्यांनी खडूने प्रत्येक शीटवर खरी जाडी लिहिली. सरळ, उभी, एकसारखी अक्षरं, जशी नकाशात असतात. दुसऱ्या दिवसापासून मी तसंच लिहू लागलो, आणि माझा धंदा वाढला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पुढे दोन वर्षांनी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी घर आणि गोदाम बांधलं, तेव्हा ते टेप घेऊन आले आणि जिन्याची एक पायरी पाऊण इंच चढी आहे असं सांगून गेले. ती अजून तशीच आहे आणि मी तिला रोज अडखळतो.

आता मांजराचं सांगतो.

त्याचं नाव फोरमन. काका म्हणायचे, “दिवसभर सगळीकडे फिरतो, सगळ्यांच्या कामावर नजर टाकतो, स्वतः काडी हलवत नाही. दुसरं काय नाव ठेवणार?” करड्या अंगावर काळे ठिपके, शेपटीवर कडी, आणि डोकं कलिंगडाच्या फोडीएवढं रुंद. बोका होता तो, साधा घरगुती बोका, पण आडवातिडवा वाढलेला. काकू होत्या तोवर त्याला स्वयंपाकघरात यायची बंदी होती. काकू गेल्यावर काकांनी त्याला उशीवर झोपू दिलं, कपाटावर चढू दिलं, पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी तो आला की म्हणायचे, “नाही. तिने सांगितलंय.” आणि तोही थांबायचा.

दर रविवारी सकाळी फोरमनचं माप व्हायचं. अंगणात वजनाचा काटा मांडायचा. काका त्याला घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग एकटे उभे राहायचे, वजाबाकी करायची. मग टेप. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मग खांद्याची उंची, मग पंजा. फोरमन हे सगळं डोळे मिटून सहन करायचा. सगळं एका वहीत पेन्सिलीने. मी एकदा विचारलं, “काका, हे करून काय मिळतं?”

“काही नाही. तो आहे, याची नोंद राहते.”

त्यांच्या मागच्या दारात खाली एक चौकोनी भोक होतं, फोरमनच्या जाण्यायेण्यासाठी. कॉलनीच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं. त्या फाटकातून पलीकडच्या खेड्यातली दूधवाली म्हातारी रोज सकाळी यायची, वाकून त्या भोकातून हाक मारायची, “बाबूजी! आपका शेर उठा कि नहीं?” काका आतून ओरडायचे, “शेर नाही, मांजर. सात किलो आठशे.” ती हसायची. तिला मराठी कळत नव्हतं, पण रोजचं ठरलेलं होतं. काकांशी दिवसात दुसरं कुणी बोललं नाही तरी ती बोलायची. मुलगा दूर होता, महिन्यातून एकदा फोन करायचा.

सेक्रेटरीला ते फाटक नको होतं. सांगताना सुरक्षेचं कारण सांगायचा. खरी गोष्ट अशी की भिंतीलगत बारा फुटांची वाट कॉलनीच्या मंजूर नकाशात आहे आणि क्लबहाउस बांधताना त्या वाटेतले चार फूट आत घेतले गेले. हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. काकांच्या आलं. त्यांनी मोजलं, नकाशाची प्रत काढली, आणि सभेत उभे राहून सांगितलं, “वाट आठ फूट उरली आहे. चार फूट कुठे गेले?”

सेक्रेटरी गोड बोलणारा माणूस. हात जोडून म्हणाला, “अंकल, आपको और कोई काम नहीं है क्या?”

“आहे ना. तेच करतोय,” काका मराठीत म्हणाले. रागावले की ते हिंदीला उत्तर मराठीतच द्यायचे.

सभा हसली. फाटक बंद झालं तर वाट बंद, वाट बंद झाली तर चार फूट विचारणारं कुणी नाही. सेक्रेटरीने त्या दिवशी हे मनात ठेवलं असणार. मी धंद्यातला माणूस आहे, समोरचा काय गिळून बसलाय ते मला कळतं. तेव्हाही कळलं होतं. माझं काही जात नव्हतं म्हणून गप्प बसलो.

मग तो हिवाळा आला. टेकडीच्या बाजूला वाघ दिसल्याची बातमी होती, ती खरी होती. कॉलनीतली दोन कुत्री दिसेनाशी झाली होती, तेही खरं होतं. लोक सकाळचं फिरणं सोडून घरात बसले होते. अशा दिवसांत एका सकाळी धुक्यात माझ्या गोदामाच्या कॅमेऱ्याने मागच्या भिंतीवरून चालणारं एक जनावर टिपलं. ठिपकेदार, जाड मानेचं, पाठ खाली सोडून चाललेलं. मी आणि बायको चहा घेताना मोबाइलवर बघत होतो. ती ओरडली, “अहो, बिबट्या!” मी तिथेच थांबवलं. पुढचं बघितलं नाही.

तासाभरात सेक्रेटरी दारात. बायको फोनवर कुणाला तरी बोलली असणार.

“भैया, क्लिप दे दो. पूरी कॉलनी का मामला है.”

“और मेरी गाड़ी का मामला?” मी विचारलं. माझ्या गोदामात प्लायचे ट्रक उतरतात, त्याविरुद्ध त्याने तक्रार चढवली होती. सहा महिने माझा जीव खाल्ला होता.

“हो जाएगा.”

“हो जाएगा नहीं. अभी ग्रुप पे लिखो, मेरे सामने.”

त्याने माझ्यासमोर उभं राहून लिहिलं की ट्रकला हरकत नाही. मी क्लिप पाठवली, जशी होती तशी. मला वाटलं, मी जिंकलो. बापजन्मात मी सौद्यात हरलो नाही, त्या दिवशी हरलो आणि कळलंही नाही.

दुपारी ग्रुपवर नऊ सेकंद आले. ‘सावधान, कॉलनी में तेंदुआ.’ तेंदुआ म्हणजे आपला बिबट्या. संध्याकाळपर्यंत ते नऊ सेकंद सगळ्या कोलार रोडला पोचले. कुणी त्याला लाल गोल काढला, कुणी मागे वाघाच्या डरकाळीचा आवाज भरला. खेळाचं मैदान बंद. मुलं शाळेतून उतरली की आया त्यांना ओढत घरात न्यायच्या.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दुकानात आले. बसले नाहीत.

“तो फोरमन आहे.”

“काका, तुम्हाला आता सगळीकडे फोरमनच दिसतो.”

“भिंतीवर काटेरी तारेचे अँगल आहेत. आत्ता मोजून आलोय, दीड फूट. जनावराचा खांदा अँगलच्या तीनातल्या दोन भागांवर येतो. म्हणजे एक फूट. बिबट्याचा खांदा दोन फुटांच्या वर असतो. एक फुटाचा बिबट्या कुठे असतो, सांग मला.”

आकडा बरोबर होता. अँगल मीच पुरवले होते.

“पूर्ण क्लिप दाखव,” ते म्हणाले. “मी रोज सकाळी त्याला तिथून उतरवून घेतो. भिंत उंच आहे, तो आता सात किलो आठशेचा आहे, उडी मारली की पुढचा पाय दुखतो त्याचा. क्लिप पूर्ण असेल तर मी असेन त्यात. सुरुवात आणि शेवट असल्याशिवाय लांबी काढता येत नाही.”

“गिऱ्हाईक आहे काका. नंतर बघू.”

दुकानात एक माणूस फेव्हिकॉलचा डबा घेऊन उभा होता. तेवढंच गिऱ्हाईक. काका दोन दिवसांनी परत आले, तेव्हाही मी नंतर म्हणालो. मला वाटत होतं म्हातारा मांजर वाचवायला काहीही सांगतोय. आणि त्याच्याखाली दुसरंही एक होतं. क्लिप बघितली असती तर मला बोलावं लागलं असतं, आणि ट्रकची हरकत परत आली असती.

काकांनी मोठ्या कागदावर चित्र काढलं. भिंत, अँगल, अँगलशेजारी फोरमन, आणि फोरमनशेजारी त्याच प्रमाणात बिबट्या. बिबट्याच्या पोटाखालून फोरमन शेपटी वर करून चालत जाईल एवढा फरक. प्रत्येक रेघेवर माप. खाली खुलासा लिहिला की प्रमाण एकास दहा आहे, ज्याला शंका असेल त्याने टेप घेऊन यावं. ते त्यांनी नोटिस बोर्डावर लावलं. लोक थांबून बघायचे, म्हणायचे, “क्या बनाया है अंकल ने,” आणि पुढे जायचे. टेप घेऊन कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी चित्र तिथे नव्हतं.

जंगल खात्याचा एक वनरक्षक येऊन गेला. भिंतीखालच्या चिखलातल्या ठशाशेजारी त्याने काडीपेटी ठेवली. ठसा काडीपेटीच्या आत बसला. “बिल्ली है साहब,” तो सेक्रेटरीला म्हणाला.

“लिखके दोगे? कल किसी बच्चे को कुछ हुआ तो?”

लिहून देणं वनरक्षकाच्या हातात नव्हतं. मोटरसायकलला किक मारून निघून गेला. काका तिथेच उभे होते. मला म्हणाले, “काडीपेटी. बघितलंस? साडेपाच सेंटीमीटर. त्याला कळतं.” फार खूश होते. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

तरी त्यांनी फोरमनला घरात कोंडून ठेवलं. भोकाला आतून गॅसचा सिलिंडर लावला. अकरा दिवस त्या बोक्याचं ओरडणं आमच्या घरापर्यंत यायचं. मधल्या रविवारचं मापही चुकलं. माझी बायको म्हणाली, गळ्यात लाल पट्टा तरी बांधा, म्हणजे लोकांना ओळखू येईल. काका म्हणाले, “पट्टा बांधून तो लहान होणार आहे का? तो आहे तेवढाच आहे.” अकराव्या दिवशी मात्र त्यांनी पट्टा आणला होता. मी पाहिला, खुंटीवर होता. रविवारच्या मापाआधी बांधला तर वजनात फरक पडेल म्हणून थांबले होते.

रविवारी सकाळी साडेआठला काटा अंगणात मांडायला त्यांनी दार उघडलं आणि फोरमन पायातून निसटला.

ऊन पडलं होतं. धुकं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळे धुकं होतं म्हणाले. मी गोदामात होतो. “तेंदुआ, तेंदुआ, गाड़ी के नीचे!” असा ओरडा ऐकला आणि हाताला लागली ती लाकडी पट्टी घेऊन धावलो. हो, मीही पट्टी घेऊन धावलो. काकांच्या घरासमोर उभ्या गाडीभोवती पाच-सहा माणसं होती, गेटवरचा गार्ड होता, लाठ्या, क्रिकेटची बॅट, एकाकडे पाण्याचा लोखंडी पाइप. मला गाडीखालून ती कडीकडीची शेपटी दिसली. मी ओरडलो, “अरे मांजर आहे ते, काकांचं मांजर आहे!” एकतीस वर्षं दिवसभर हिंदी बोलतो, आणि त्या घटकेला तोंडातून मराठी निघालं. कुणी वळूनही बघितलं नाही. मी पोचेपर्यंत झालं होतं.

तो रस्त्यावर पडला तेव्हा सगळ्यांना दिसला. मोठा बोका. दुसरं काही नाही. माणसं हळूहळू मागे सरकली. एकाने बॅट पाठीमागे धरली. कुणीतरी म्हणालं, “इतनी बड़ी बिल्ली होती है क्या?” त्याला वाटलं हे उत्तर झालं.

काका अंगणातून बाहेर आले. घाई नव्हती. ते गुडघ्यांवर बसले, नाडीचा टेप काढला, एक टोक फोरमनच्या नाकाशी धरलं. नेहमीसारखं मोठ्याने म्हणाले, “एकशे चार.” मग खांदा. “एकतीस.” मग पंजा उघडून, “चार.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काटा आण. वजन राहिलंय.”

मी अंगणातून काटा आणून रस्त्यावर ठेवला. ते त्याला दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले. त्यांच्या शर्टाला रक्त लागलं. चष्मा घरात राहिला होता; टेप डोळ्यांजवळ धरता येतो, काटा नाही.

“वाच,” ते म्हणाले.

“सहासष्ट किलो तीनशे.”

त्याला माझ्या हातांत दिलं. तो अजून गरम होता. ते एकटे उभे राहिले.

“अठ्ठावन्न पाचशे,” मी वाचलं.

“सात किलो आठशे. कमी झाला नाही,” ते म्हणाले. “कोंडल्यावर खात नव्हता, मला वाटलं कमी झाला असेल.”

सेक्रेटरी तोवर आला होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अंकल, बुरा हुआ. हम आपके लिए दूसरी ले आएँगे.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. “किती सेंटीमीटरची?”

सेक्रेटरीला मराठी कळत नाही. त्याने मान हलवली, जणू होकार दिला.

ग्रुपवर त्या संध्याकाळी संदेश आला की तेंदुआ बहुधा जंगलाकडे परतला आहे, तरी सगळ्यांनी सावध राहावं. मांजराचा शब्द नाही. महिन्याभरात भिंत दहा फूट झाली आणि फाटकाच्या जागी विटा आल्या. बारा फुटांची वाट आता कुणी मोजू शकत नाही, तिथे क्लबहाउसच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. दूधवाली म्हातारी मुख्य गेटवर आली, गार्डने तिच्याकडे ओळखपत्र मागितलं. तिने दोनदा प्रयत्न केला. मग आली नाही. काका पिशवीतलं दूध आणू लागले.

त्यानंतर ते दुकानात एकदाच आले. मागच्या दारातलं भोक बुजवायचं होतं. “आता नुसता वारा येतो,” म्हणाले. अठरा एमएमचा तुकडा हवा होता. मी आत जाऊन सगळ्यात चांगली शीट काढली, पुरेपूर अठरा भरणारी, स्वतः कापली, कड घासली आणि त्यांच्यासमोर धरली. वाट बघत उभा राहिलो.

त्यांनी खिशाला हातही लावला नाही.

“काका, मोजा ना.”

“असेल,” ते म्हणाले, आणि काखेत धरून निघाले.

मला माझ्या बापाच्या मरणाची बातमी दुकानात उभ्यानेच कळली होती. तो एक शब्द मला तसाच कळला. मी मागे धावलो नाही. धावायला हवं होतं.

उन्हाळा सुरू होताना माझी बायको म्हणाली, काकांच्या दारात तीन पेपर पडलेत. मी दार फोडलं. न्हाणीघरात पडले होते. मागचं दार बंद, भोकाला माझा प्लाय, चार स्क्रू मारून पक्का. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच गेले नाहीत, एक दिवस तरी होते. ज्या बाईने रोज सकाळी वाकून हाक मारली असती ती भिंतीच्या पलीकडे होती. टेप खुंटीवर होता, लाल पट्ट्याच्या शेजारी. वही मुलाने रद्दीत घातली होती, ती मी त्याच्याकडून मागून घेतली. शेवटच्या पानावर त्या रविवारचं माप आहे, त्यांच्या सरळ उभ्या अक्षरांत. पुढची पानं कोरी.

ते गेल्यावर चार दिवसांनी मोबाइल भरला म्हणून जुनं पुसायला बसलो. ती क्लिप निघाली, मी सेक्रेटरीला पाठवलेली. तेवीस सेकंद. ग्रुपवर आले होते नऊ. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितली. नवव्या सेकंदाला फोरमन भिंतीच्या कडेला थांबतो, खाली बघतो, तोंड उघडतो. मग खालून दोन हात वर येतात. पायजम्याच्या नाडीला टेप. ते हात त्याला काखेत धरून उतरवतात, आणि तो बिबट्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून चित्रातून निघून जातो. लहान पोराला दाखवली तरी कळेल.

मी ती पूर्ण क्लिप ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत ती काढली गेली, तिसऱ्या मिनिटाला मला काढलं गेलं. ट्रकची हरकत परत आली आहे, येऊ दे. सभेत विचारलं तर सेक्रेटरी म्हणाला, “पुरानी बात है भैया, अंकल की आत्मा को शांति मिलने दो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. बॅट पाठीमागे धरणाराही त्यात होता.

माझं मला माहीत आहे. क्लिप माझी, सौदा माझा, ‘नंतर बघू’ माझं, भोकाला लागलेला प्लायही माझा. मला कुणीही, कुठेही विचारावं, मी उत्तर देईन. पण मी न बघता दिली, आणि ज्याने कापली त्याने बघितल्याशिवाय कापता येत नाही. नऊ सेकंदांवर थांबायचं, हे दहावा सेकंद बघितलेल्या माणसालाच सुचतं.

तेव्हा शांती, सुरक्षा, मुलांचा जीव, यातलं एकही विशेषण मला नको. सेक्रेटरीसाहेब, सभेत उभे राहा आणि सगळ्यांसमोर एवढंच सांगा: ते दोन हात तुम्ही बघितले होते, हो की नाही?